‘पेसो बोलुमेत्रिको’ला इंग्लिशमध्ये काय म्हणायचं? कचरामोजणीच्या स्पॅनिश शब्दांबद्दल

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही स्पॅनिश बी-टू या मधल्या-वरच्या पातळीपर्यंत शिकलात, आत्तापर्यंत कथा-लेखांची भाषांतरं केलीत आणि आता पहिल्यांदाच तांत्रिक काम हातात आलंय. मेक्सिकोतल्या एका नगरपालिकेच्या कचऱ्याचा अभ्यास आहे, काही तक्ते स्पेनच्या सल्लागारांनी केलेत, आणि इंग्लिश अहवाल वाचणार आहेत लंडनमधले लोक. तुम्ही अडलात तीन शब्दांवर, पेसो बोलुमेत्रिको, क्वार्तेओ आणि सुबप्रोदुक्तोस, डिक्शनरीतला शब्द टाकला की वाक्य बरोबर दिसतं पण अर्थ लागत नाही. आणि शेवटी विचारलंत की एखादी चांगली ग्लॉसरी आहे का.

ग्लॉसरीचं शेवटी सांगते. त्याआधी एक गोष्ट, जी मला सतरा वर्षांपूर्वी कोणी सांगितली असती तर फार बरं झालं असतं. कचरामोजणीतला जवळजवळ प्रत्येक शब्द हे एखाद्या कृतीचं नाव असतं. कोणीतरी हातात फावडं घेऊन, ताडपत्रीवर कचरा ओतून, काट्यावर ड्रम ठेवून काहीतरी केलेलं असतं आणि त्यातून जो आकडा आला त्याला ते नाव दिलेलं असतं. ती कृती कळली की इंग्लिश शब्द बहुतेक वेळा आपोआप सापडतो, आणि ती कळलेली नसेल तर कितीही डिक्शनऱ्या चाळा, चुकणारच.

पेसो बोलुमेत्रिकोच घ्या. पहिल्याच वर्षी मी याचं ‘व्हॉल्युमेट्रिक वेट’ केलं होतं. शब्दाला शब्द अगदी चपखल बसतो ना? पण व्हॉल्युमेट्रिक वेट म्हणजे कुरियरवाले लावतात ते, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले ५००० वगैरे, हलकं पण मोठं खोकं असलं की जास्त पैसे घेता यावेत म्हणून काढलेलं वजन. अहवाल वाचणाऱ्या इंजिनिअरने विचारलं की तुम्ही कोणता भाजक वापरलाय आणि कचऱ्याला तो का लावलाय. मला प्रश्नच कळला नाही. दोन दिवस शोधल्यावर मूळ मेक्सिकन मानक सापडलं, एनएमएक्स-एए-०१९, १९८५ सालचं, आणि ते वाचल्यावर सगळा उलगडा झाला.

त्यात काय करतात बघा. २०० लिटरचा स्वच्छ, पोचे नसलेला ड्रम घ्यायचा, रिकामा वजन करायचा. मग त्यात कचरा वरपर्यंत भरायचा, ड्रम १० सेंटिमीटर उचलून जमिनीवर तीनदा आपटायचा, कचरा खाली बसला की परत वरपर्यंत भरायचा, पण हाताने दाबायचा नाही. मग वजन करायचं, ड्रमचं वजन वजा करायचं आणि उरलेल्याला ड्रमच्या घनफळाने भागायचं. समजा निव्वळ ३६ किलो भरलं तर ०.२ ने भागून १८० किलो प्रति घनमीटर. आता हे वजन आहे का? नाही, ही घनता आहे, सैल पडलेल्या मालाची घनता, मधल्या पोकळ्या धरून. इंग्लिशमध्ये याला बल्क डेन्सिटी म्हणतात, विषय संपला. नावात ‘पेसो’ आहे म्हणून वेट लिहायचा मोह होतो, पण एककाकडे बघा, किलो भागिले घनमीटर दिसलं की ते वजन असूच शकत नाही. तक्त्याच्या डोक्यावरचं एकक हा भाषांतर करणाऱ्याचा सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार असतो, शब्दाच्या आधी त्याला विचारायचं.

एवढ्यावर थांबू नका मात्र. घनता कुठली, ड्रममधली, दाबून भरणाऱ्या गाडीतली, की लँडफिलमध्ये रोलर फिरवल्यानंतरची? तिन्ही आकडे वेगळे येतात आणि त्यावरून गाड्या किती लागतील, जागा किती वर्षं पुरेल हे ठरतं. म्हणून मूळात ‘इन सितू’ म्हणजे जागेवरच असेल, ‘सिन कोम्पाक्तार’ म्हणजे न दाबता असेल, तर ते इंग्लिशमध्ये आलंच पाहिजे, अनकॉम्पॅक्टेड हा शब्द गाळला तर वाक्य सुटसुटीत होईल पण पुढच्या माणसाचं गणित चुकेल.

क्वार्तेओ त्यामानाने सोपं आहे. सगळा कचरा एका ठिकाणी ओतून फावड्याने कालवून सारखा करायचा, ढिगाचे चार भाग करायचे, ए बी सी डी, समोरासमोरचे दोन काढून टाकायचे, उरलेले दोन परत कालवायचे, परत चार भाग. पुढच्या वर्गवारीला साधारण ५० किलोचा नमुना हवा असतो, तो मिळेपर्यंत हेच. इंग्लिशमध्ये क्वार्टरिंग, किंवा जास्त नीट म्हणायचं तर कोनिंग अँड क्वार्टरिंग, खाणीतल्या खनिजाच्या नमुन्यांसाठी हाच शब्द वापरतात त्यामुळे कुठल्याही इंजिनिअरला कळतो. फक्त ‘डिव्हिजन इंटू फोर’ असलं काही लिहू नका, ते वर्णन झालं, पद्धतीचं नाव नाही.

आता सुबप्रोदुक्तोस. यावर जरा जास्त वेळ घालवते कारण इथे तुमच्या कामात खरंच धोका आहे. मेक्सिकन मानक एनएमएक्स-एए-०२२ मध्ये हा शब्द आहे आणि तिथे त्याचा अर्थ आहे कचऱ्यातले घटक, म्हणजे तो ५० किलोचा नमुना पसरून कागद वेगळा, काच वेगळी, हाडं वेगळी, डायपर वेगळे असं निवडल्यावर जे ढीग होतात ते. इंग्लिशमध्ये वेस्ट कंपोनंट्स किंवा फ्रॅक्शन्स. पण स्पेनच्या २०२२ च्या कचरा कायद्यात, म्हणजे ७/२०२२ मध्ये, सुबप्रोदुक्तो हा वेगळाच कायदेशीर शब्द आहे, तिथे तो युरोपियन कायद्यातला बाय-प्रॉडक्ट आहे, कारखान्यात मुख्य मालाबरोबर तयार होणारी आणि काही अटी पूर्ण झाल्या तर कचरा मानलीच न जाणारी वस्तू. अर्थ जवळजवळ उलटा झाला बघा, एका देशात तो कचऱ्याचा भाग आहे आणि दुसऱ्या देशात तो कचरा नाहीच. तुमच्या अहवालात मेक्सिकोचं प्रत्यक्ष जागेवरचं काम आणि स्पेनच्या लोकांचे तक्ते एकत्र आहेत, तेव्हा प्रत्येक ठिकाणी हा शब्द कोणी लिहिलाय ते बघूनच ठरवायचं, फाइंड-रिप्लेस मारायचं नाही. लंडनच्या वाचकाने ‘बाय-प्रॉडक्ट्स ४० टक्के’ असं वाचलं तर त्याला वाटेल की ४० टक्के माल कचऱ्याच्या व्याख्येबाहेर आहे, आणि प्रत्यक्षात तिथे असतील फक्त भाज्यांची सालं.

त्याच मानकातल्या घटकांच्या यादीत आणखी खड्डे आहेत. ‘उले’ म्हणजे मेक्सिकोत रबर, नाहुआत्ल भाषेतून आलेला शब्द, आणि स्पेनमध्ये उले म्हणजे टेबलावर टाकायचं ते ऑइलक्लॉथ. ‘रेसिदुओ फिनो’ म्हणजे छान बारीक कचरा वगैरे नाही, २ मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पडतो तो चुरा, इंग्लिशमध्ये फाइन्स. ‘लोसा’ म्हणजे कपबश्यांचे तुकडे. आणि प्रत्यक्ष जागेवर मोजणी करणारे लोक शेऱ्यांमध्ये ‘उनिसेल’ लिहितात तो आपला थर्माकोल. इथे आपण मराठी माणसं हमखास घसरतो, कारण थर्माकोल आपल्याला इंग्लिश शब्द वाटतो आणि आपण तो तसाच इंग्लिश अहवालात टाकून देतो. तो भारताबाहेर फारसा कोणी ओळखत नाही. एक्सपांडेड पॉलिस्टायरीन लिहायचं. याच वस्तूला कोलंबियात इकोपोर म्हणतात, अर्जेंटिनात तेल्गोपोर, चिलीत प्लुमावित, पेरूत तेक्नोपोर, स्पेनमध्ये पोरेक्सपान, बहुतेक व्यापारी नावांवरून रूढ झालेली. मला हा प्रकार फार आवडतो खरं तर, एका पांढऱ्या ठिसूळ तुकड्याच्या नावावरून अहवाल कोणत्या देशात लिहिला गेला ते कळतं.

मग दरडोई कचरा. मूळात एकक असं दिसेल, किलो, तिरकी रेघ, हाब, आडवी रेघ, दिआ. हाब म्हणजे आबितान्ते, रहिवासी. ती मधली आडवी रेघ वजाबाकीची नाही, दोन्ही गोष्टींनी भागायचं आहे एवढंच ती सांगते, तेव्हा इंग्लिशमध्ये सरळ किलोग्रॅम्स पर पर्सन पर डे लिहा. याचं मानक एनएमएक्स-एए-०६१. त्यात घरोघरी पिशव्या वाटून आठ दिवस कचरा गोळा करतात आणि पहिल्या दिवसाचा मोजणीत धरत नाहीत, कारण तो घरात किती दिवस साठलेला आहे ते माहीत नसतं. या पहिल्या दिवसाच्या कामाला ‘ओपेरासिओन दे लिम्पिएसा’ म्हणतात. एका नवीन मुलीने माझ्याकडे तपासायला दिलेल्या कामात याचं क्लीनिंग ऑपरेशन केलं होतं आणि वाचणाऱ्याला वाटलं असतं की रस्ते झाडले. तिथे थोडं उलगडून लिहावं लागतं, की पहिल्या दिवशी साठलेला कचरा बाहेर काढला आणि तो हिशोबात धरला नाही. शब्द वाढले तर वाढू देत.

आता आकडे, आणि हे वाचून झालं की कृपा करून लगेच तुमची फाईल उघडून तपासा. स्पेनमध्ये दशांशाला स्वल्पविराम आणि हजारांना टिंब लिहायची जुनी सवय आहे, मेक्सिकोत आपल्यासारखंच, दशांशाला टिंब. म्हणजे ‘१.१०० लिटरचा कंटेनर’ स्पॅनिश सल्लागाराने लिहिला असेल तर तो अकराशे लिटरचा आहे, रस्त्यावरचा चाकांचा मोठा डबा, आणि तुम्ही तो तसाच उतरवलात तर इंग्लिशमध्ये तो पाण्याच्या बाटलीएवढा होतो. हा निदान डोळ्याला खटकतो, पण ‘३.४५० टन’ खटकत नाही, साडेतीन टन पण शक्य वाटतं आणि साडेतीन हजार पण. स्पॅनिश अकादमीने २०१० च्या ऑर्थोग्राफीत, म्हणजे लेखनाच्या नियमांत, दशांशासाठी टिंबाची शिफारस केली आहे पण सवयी अशा जात नाहीत. तुमच्या अहवालात दोन्ही देशांचे हात लागलेत म्हणजे एकाच पानावर दोन्ही पद्धती असू शकतात. मी काय करते, प्रत्येक तक्त्याची बेरीज स्वतः करून बघते, दरडोई आकड्याला लोकसंख्येने गुणून रोजचे टन येतात का बघते, टक्के शंभर होतात का बघते. हे भाषांतरकाराचं काम नाही असं म्हणणारे लोक मला भेटलेत. मला ते पटत नाही, आकडा हाही मजकूरच आहे आणि तो चुकला तर माझं पान चुकलं.

त्याच रांगेतलं, ‘बियोन’ म्हणजे इंग्लिश बिलियन नाही, ते एकावर बारा शून्यं, आणि इंग्लिश बिलियनला स्पॅनिशमध्ये मिल मियोनेस. चिलीच्या बजेटच्या तक्त्यात पेसोच्या चिन्हाआधी एक एम असेल तर हजार, दोन एम असतील तर दशलक्ष. तोनेलादा म्हणजे १००० किलो, ब्रिटिश वाचकासाठी शेवटी दोन अक्षरं जास्त असलेलं टन-एनई स्पेलिंग वापरा, अमेरिकनसाठी मेट्रिक टन, कारण नुसता टन अमेरिकेत ९०७ किलोचा होतो. जुन्या कागदांत टी-एम असं चिन्ह दिसेल, ते तोनेलादा मेत्रिका, इंग्लिशमध्ये नुसता लहान टी. आणि किन्ताल दिसला की आपला हात आपोआप क्विंटल, १०० किलो, असं लिहायला जातो, जन्मभर बाजारभाव तसेच वाचलेत ना आपण. पण ग्वातेमालात किंवा एल साल्व्हादोरमध्ये किन्ताल म्हणजे १०० पौंड, सुमारे ४५-४६ किलो. निम्म्याहून जास्त फरक पडतो! कंपोस्टच्या विक्रीच्या तक्त्यात हे नेहमी येतं.

स्पेनच्या बाजूचे शब्द हाताळायला एक मोठी सोय आहे, युरोपियन कायदा सगळ्या भाषांत अधिकृत असतो. २००८/९८ हा कचऱ्याचा डायरेक्टिव्ह युर-लेक्स या युरोपियन कायद्यांच्या वेबसाइटवर स्पॅनिश आणि इंग्लिश शेजारी-शेजारी उघडता येतो, तो एकदा बैठक मारून वाचून काढा. त्यात दिसेल की ‘बालोरिसासिओन’ म्हणजे रिकव्हरी, व्हॅलोरायझेशन नव्हे, आणि ‘एलिमिनासिओन’ म्हणजे डिस्पोजल. एलिमिनेशन लिहिलंत तर कचरा नाहीसाच झाला असा अर्थ होतो आणि तो तर लँडफिलमध्ये पुरलेला असतो. खात्री करायची असेल तर १९८९ च्या बाझल कराराचं नुसतं नाव बघा, इंग्लिश नावात शेवटी डिस्पोजल आहे, स्पॅनिश नावात त्याच जागी एलिमिनासिओन. शिवाय तिथे कचऱ्याला ‘देसेचोस’ म्हटलंय, मेक्सिकोच्या आणि स्पेनच्या कायद्यात ‘रेसिदुओस’ आहे, दोन्हीचं इंग्लिश वेस्टच. मराठीत आपल्याला एक ‘कचरा’ सगळीकडे पुरतो त्यामुळे हा फरक आपल्या डोक्यात आपसूक येत नाही. कोलंबियात मात्र बालोरिसासिओनच्या जागी ‘आप्रोवेचामिएन्तो’, शब्दशः उपयोग करून घेणं, चालतो, तो त्यांच्या स्वच्छता सेवेचा एक अधिकृत भाग आहे, त्याला युरोपची रिकव्हरी सरळ चिकटवू नका, पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात सांगा की यात काय काय येतं. कोलंबियातलाच आफोरो बघा. इतरत्र त्याचा अर्थ नाट्यगृहात किती लोक मावतात किंवा नदीतून किती पाणी वाहतं याचं मोजमाप असा होतो, आणि कोलंबियाच्या कचऱ्याच्या नियमांत एखादा ग्राहक किती कचरा देतो त्याची मोजणी, जिच्यावरून त्याचं बिल ठरतं.

बाकी काही पटापट सांगते. ‘उमेदाद’ म्हणजे मॉइश्चर कंटेंट, ह्युमिडिटी हवेची असते, आणि शेजारी ओल्या मालावर की कोरड्या मालावर काढलाय ते असेल तर सोडू नका. ‘कोबेर्तुरा’ एकाच अहवालात दोन अर्थांनी येतो, वस्तीच्या किती टक्के भागात घंटागाडी पोचते ते कव्हरेज, आणि लँडफिलवर रोज टाकतात तो मातीचा थर म्हणजे कव्हर. ‘तासा दे रेसिक्लाहे’ हा रिसायकलिंग रेट आहे पण ‘तासा दे बासुरास’ हा रेट नसून लोकांनी भरायची फी आहे. ‘इम्प्रोपिओस’ म्हणजे ओल्या कचऱ्याच्या डब्यात चुकून आलेल्या पिशव्या, बाटल्या वगैरे, इंग्लिशमध्ये कंटॅमिनेशन किंवा नॉन-टार्गेट मटेरियल. ‘रेस्तो’ हा डबा म्हणजे रेसिड्युअल वेस्ट, पण ‘रेचासो’ म्हणजे प्लँटमध्ये वर्गवारी झाल्यावर मागे उरलेला नाकारलेला माल, रिजेक्ट्स, या दोघांची अदलाबदल केलीत तर मास बॅलन्स, म्हणजे आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या मालाचा हिशोब, जुळत नाही. कंपोस्टच्या तक्त्यातला ‘मेर्मा’ म्हणजे पाणी उडून आणि सडून कमी झालेलं वजन, प्रोसेस लॉस. ‘बास्कुला’ आपला वजनकाटा, ट्रकचा असेल तर वेब्रिज, पण ड्रमवाल्या मोजणीत तो साधा प्लॅटफॉर्म स्केल असतो, तिथे वेब्रिज लिहू नका. आणि स्पेनमधला ‘रेसिदुओस सानितारिओस’ म्हणजे दवाखान्यांचा कचरा, हेल्थकेअर वेस्ट. आपल्याकडे घनकचरा नियमांत सॅनिटरी वेस्ट म्हणजे डायपर आणि पॅड, त्यामुळे भारतात या क्षेत्रात काम केलेला माणूस इथे नक्की फसतो.

एक शब्द मात्र मी घाईने सोडणार नाही. मेक्सिकोत कचरा वेचणाऱ्यांना पेपेनादोर म्हणतात, कोलंबियात रेसिक्लादोर, अर्जेंटिनात कार्तोनेरो. डिक्शनरी तुम्हाला स्कॅव्हेंजर देईल. तो वापरू नका. रिसायकलरही नको, इंग्लिशमध्ये तो प्लँटवाल्या कंपनीसारखा वाचला जातो. वेस्ट पिकर लिहा. २००८ मध्ये बोगोताला या लोकांची पहिली जागतिक परिषद झाली तिथे इंग्लिशसाठी हाच शब्द स्वीकारला गेला. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे, तिथल्या बायकांनी ‘कचरावेचक’ हा शब्द मानाने मिळवला, तो आपण रोज ऐकतो, तेव्हा दुसऱ्या देशातल्या तशाच माणसांना इंग्लिशमध्ये नेताना आपल्याकडून कमी दर्जाचा शब्द जायला नको. मोजणीशी याचा संबंध काय म्हणाल तर आहे, वेचकांनी आधीच काढून नेलेला माल त्या ५० किलोच्या नमुन्यात नसतो, आणि मूळात तशी तळटीप असेल तर ती तक्त्याखालीच ठेवा, शेवटी परिशिष्टात ढकलू नका.

आता ग्लॉसरी. युरोपसाठी आयेट हा युरोपियन युनियनचा शब्दकोश चांगला आहे, फुकट आहे. मेक्सिकोसाठी मला आजपर्यंत मानकांइतकं काहीच उपयोगी पडलेलं नाही, क्वार्तेओचं ०१५ आणि वर आलेली ०१९, ०२२, ०६१ ही चारही लहान आहेत, एका दुपारात वाचून होतात. त्यातून स्वतःचा तक्ता करा, स्पॅनिश शब्द, देश, एकक, काय केलं ते मराठीत एका ओळीत, आणि मग इंग्लिश शब्द. मराठीतली ओळ मुद्दाम सांगतेय, स्पॅनिश आणि इंग्लिश दोन्ही आपल्या शिकलेल्या भाषा, एकीतून दुसरीत उडी मारताना न कळलेलं सहज झाकलं जातं, पण ‘ड्रम आपटून भरला आणि वजनाला घनफळाने भागलं’ असं आईच्या भाषेत लिहायला गेलात की कळलंय की नाही ते तिथल्या तिथे दिसतं.

आणि क्लायंटला आजच एक मेल टाका. तीन गोष्टी विचारा, ब्रिटिश इंग्लिशच हवं ना, तक्ते कोणत्या देशाच्या ऑफिसात टाइप झाले, आणि मूळ एक्सेल मिळेल का. एक्सेल मिळालं तर टिंब-स्वल्पविरामाचा सगळा गोंधळ एका मिनिटात सुटतो, कारण सेलवर क्लिक केलं की खरा आकडा दिसतो.